वच्छलाच्या हातचं कोहळं

माझ्या नातवाला शाळेत 'माझी आजी' या विषयावर बोलायचं होतं. तो म्हणाला, "माझी आजी सरकारी नोकरीत होती. ती बायकांना शेण कालवायला शिकवायची." घरचे सगळे हसले. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. ग्रामसेविका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं शेण, राख, तलावाचा गाळ आणि किडे याच विषयांवर बोलण्यात गेली. मंत्र्यांनाही इतकं बोलायला मिळत नसेल, आणि त्यांच्या बोलण्यातून दोडके लागत नाहीत.

कागदावर या कामाचं नाव 'परसबाग विकास' असं भारदस्त होतं. आमच्या झाडीपट्टीत घरामागच्या त्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथून काटेरी कुंपणापर्यंतची जागा. मांडवावर वाल, गोठ्याच्या छपरावर कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा, कडेला अंबाडी आणि मधे चार मिरच्या, चार वांगी. धानाचं शेत पुरुषाचं, त्याच्या शिबिराला तो सिंदेवाहीला जायचा, येताना बिल्ला लावून यायचा. सांदवाडी बाईची. तिला शिबिर नाही आणि बिल्लाही नाही, म्हणून तिच्यासाठी मी.

मी बौद्ध घरातली. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. नोकरीच्या गावात माझं नाव पोचायच्या आधी ही माहिती पोचलेली असायची. पुढच्या दारानं गेलं की ओसरीवरूनच बोळवण व्हायची. मग मी मागच्या बाजूनं जायला लागले. सांदवाडीत कोणाला अडचण नव्हती, तिथे कोंबड्या चालत, शेजारच्यांची गुरं चालत, मीही चालत होते. त्या गोष्टीचा तेव्हा राग यायचा आणि आजही येतो. पण एक खरं की बाई मनातलं बोलते ते मागच्या दाराशी. पुढच्या दारात तिचा सासरा खाट टाकून बसलेला असतो.

काम तसं सोपं. पहिल्या दिवशी मी मूठभर माती घेऊन पाण्यानं भिजवायची आणि लाडू वळायची. लाडू वळलाच नाही तर माती बरड, तिला गाळ आणि शेणखत हवं. लाडू दगडासारखा घट्ट झाला तर चिकण, तिच्यात पालापाचोळा आणि राख मिसळायची, म्हणजे मुळांना श्वास मिळतो. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की सपाट जमिनीतली मिरची उभ्या उभ्या कुजते, म्हणून वाफा नेहमी वीतभर उंच करायचा. किडीचं म्हणाल तर निम्मी कीड सकाळी उठून पानाच्या मागे बघणाऱ्या डोळ्यानंच मरते. अंडी बोटानं चिरडायची. पानांवर दव असताना चाळलेली राख भुरकवायची. मावा दिसला तर निंबोळ्या कुटून भिजवायच्या आणि ते पाणी गाळून शिंपडायचं. याउपर औषध लागायची वेळ फार थोड्यांवर येते.

पण माणसाला सोप्याची लाज वाटते. जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला त्या सुमारास माझी काही महिने धानोऱ्याकडे नेमणूक होती. तिथले एक गुरुजी मला मोठ्या अभिमानानं आपली वांगी दाखवायला घेऊन गेले. झाडं पांढरीफेक. मला वाटलं बुरशी पडली. गुरुजी म्हणाले, "मलेरियाच्या फवारणीवाल्यांकडून पावडर मागून घेतली जी. एक किडा उभा राह्यत नाई."

"गुरुजी, ही वांगी कोण खातं?"

"आमीच खातो. धुऊन खातो ना."

मी त्यांना म्हटलं, "ज्यानं किडा उभा राहत नाही, त्यानं माणूस किती दिवस उभा राहील?" ते पुन्हा धुण्याचंच सांगायला लागले. त्यांच्या बायकोनं मात्र आतून सगळं ऐकलं होतं. ती कुदळ घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याकडे न बघता वांग्यांची झाडं मुळासकट काढून खड्ड्यात पुरायला लागली. मी त्या घरी नंतर कधी भाषण केलं नाही, गरजच पडली नाही.

हे झालं किड्यांचं. मला नोकरीभर खरा त्रास दिला तो एका शब्दानं. तो शब्द म्हणजे 'हात'.

आमच्या गावांमधे मानतात की कोणाच्या हाताला झाड लागतं आणि कोणाच्या हाताला लागत नाही. मिरगात वेलाचं बी मातीत टाकायचं ते ज्या बाईचा हात चांगला तिनं. तिला घरोघरचं बोलावणं असतं. ज्या बाईनं लावलेलं रोप दोनदा वाळलं, तिला कोणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त बोलावत नाहीत. मी कितीही सांगो की हाताला गुण नसतो, मातीला असतो, बायका मान डोलवत आणि मी वळले की जुन्या हाताच्या बाईलाच हाक मारत.

मूलच्या पलीकडे तलावाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. तिथे गिरजाबाई नावाच्या म्हातारीच्या सांदवाडीत मी पहिल्यांदा गेले ती दसऱ्याच्या आसपास. माझ्या पिशवीत मेथी-पालकाचं बी होतं. म्हातारीनं पळसाचं पान जमिनीवर पसरलं.

"बी द्याचं असंन तं त्या पानावर ठेव, बाई. हातात नोको देऊ. अन् देऊन फायदा काई नाई. माह्या सुनेच्या हाताले लागतच नाई."

सून तिथेच उभी होती. तिचं नाव वच्छला. लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि मूल नाही. आपल्याविषयी नाही तर पावसापाण्याविषयी बोलणं चाललंय अशा चेहऱ्यानं ती हातातलं भांडं घासत होती.

म्हातारी आत गेल्यावर मी वाफ्यांकडे वळले. मिरची वीतभर होऊन पिवळी पडलेली. वांग्याचं एक रोप धरून उचललं तर अलगद हातात आलं, खाली मूळच नव्हतं. उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. मग मी मातीत बोट घातलं आणि हात मनगटापर्यंत आत गेला. माती कुठली, सगळा धानाचा तूस होता. गादीसारखा मऊ, पिवळाधमक.

"हा एवढा तूस कुठून आला, वच्छला?"

"हे आनतात जी. मिलीतून."

तिचा नवरा लटारी मूलच्या एका राईस मिलीत हमालीला होता. तिथे तुसाचे डोंगर पडलेले असतात आणि ते फुकट असतात. हा माणूस रोज संध्याकाळी सायकलच्या मागे तुसाचं पोतं बांधून आणायचा आणि बायकोच्या वाफ्यात रिकामं करायचा. गाव त्याला हसायचं. तो आणतच राहायचा.

अति तिथे माती म्हणतात, इथे अति झालं आणि मातीच उरली नव्हती. कच्चा तूस लवकर कुजत नाही. आणि कुजायला लागला की मातीतला कस आधी तोच खातो, रोपाला काही शिल्लक ठेवत नाही. पाणी त्यातून सरळ खाली जातं. वर उधईला राहायला आयतं घर मिळतं. कापसाच्या मुलखात अशी चूक कोणाच्या हातून व्हायची नाही, ती आमच्या धानाच्या पट्ट्यातच व्हायची, कारण तूस दुसरीकडे एवढा मिळतोच कुठे?

मी वच्छलाला हे सांगितलं. कोणालाही आनंद झाला असता. ती घाबरली.

"बाई, त्यांयले नोका सांगू जी. एवढ्या दुरून आनतात बिचारे."

"आणि तुझ्या सासूला?"

तिनं भांडं खाली ठेवलं. "आत्या म्हनते, अजून एक पावसाळा पाह्यते. सांदवाडी अन् कूस दोनी सुक्या राह्यल्या तं पोळ्याले माहेरी धाडते. मंग परत आनाची नाई. दुसरी पोरगी पाहून ठेवली आहे त्यायनं."

असं पहा, कुशीचं माझ्या हातात काही नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला पाठवलं, त्यांनी नवऱ्यालाही घेऊन ये म्हटलं, आणि तिथेच ते थांबलं. पण सांदवाडी माझ्या हातातली होती. म्हातारीनं दोन्ही एका गाठीत बांधली होती, तर निदान एका टोकानं ती गाठ सोडवून बघावी असं मला वाटलं. मी वच्छलाचं ऐकलं नाही. मिलीला सुट्टी होती त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लटारीला गाठलं आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "म्हंजे मीच मारलं का, बाई?"

"तुसानं मारलं."

"तूस आनला कोनं?" त्यानं तलावाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मले वाटे, हिची वाडी हिरवी झाली तं हिले कोनी बोलनार नाई. मले तोंडानं काई बोलता येत नाई आईपुढं. म्हनून पोतं आनो."

मला त्याचा राग आला होता, हे सांगायला हवं. बायकोसाठी रोज पोतं वाहायची ताकद आहे आणि आईपुढे एक वाक्य बोलायची नाही, असली माणसं मी खूप पाहिली. पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून मला तो राग फार वेळ धरता आला नाही. मी त्याला म्हटलं, पाठ चांगली आहे तुझी, आता ती नीट कामाला लाव.

त्यानं लावली. सगळा तूस खरवडून काढला, खड्ड्यात शेणाच्या आणि गोठ्यातल्या मुताच्या थरांमधे दाबला आणि तिथे कुजू दिला. मिलीतून आता तो भट्टीत जळलेल्या तुसाची काळी राख आणायचा, तीही बेतानं. उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा गावकऱ्यांच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, गाळासाठी लागल्या, त्यात लटारीची सगळ्यात आधी. तो गाळ दोघांनी मिळून ढेकळं फोडून वाफ्यात पसरला. गिरजाबाई ओट्यावरून बघत असे. एकदा मला म्हणाली, "माती बदलून हात बदलते का, बाई?" मी म्हटलं, "बघू ना." दुसरं काय म्हणणार?

मिरगात म्हातारीनं सुनेला कोहळ्याचं बी लावू दिलं. "लाव, आता पाहूनच घेऊ," एवढंच बोलली.

वेल असा सुटला की गोठ्याचं छप्पर दिसेना. पानं पळसाएवढी. लाल भुंगेरे आले, त्यांनी पानांची चाळण करायला सुरुवात केली, तर वच्छला रोज सकाळी राखेचं फडकं घेऊन छपरावर चढलेली. भुंगेरे हटले. श्रावणात पिवळी फुलं लागली, फुलांमागे लिंबाएवढी फळंही दिसायला लागली, आणि झड सुरू झाली.

झड म्हणजे आमच्याकडचा न थांबणारा पाऊस. तलाव भरले, रस्ते तुटले, एसटी बंद झाली. मी बऱ्याच दिवसांनी चिखल तुडवत गावात पोचले आणि बौद्धवाड्यात एका मावशीकडे मुक्काम टाकला. सकाळी वच्छलाकडे गेले तर ती छपराखाली बसून गळून पडलेली फळं गोळा करत होती. लिंबाएवढी, पिवळी पडलेली, टोकाकडून सडलेली. ओंजळभर होती.

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "माती आनली, गाळ आनला. पन हात तं थोच आहे ना? वेलबी वांझ निघाला." पोळा जवळ आला होता. वच्छलाचं गाठोडं मी दाराशी पाहिलं नाही, पण तिच्या तोंडावर ते दिसत होतं.

मी शेजारी सगुणाच्या वाडीत डोकावले. तिथेही तेच. पलीकडच्या घरीही तेच. गावभर कोहळ्याच्या वेलांवर फुलं होती आणि फळ एकही धरलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण छपरावर सगळं होतं, फक्त मधमाश्या नव्हत्या.

कोहळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं लागतात. एक नुसतं लांब दांड्याचं, ते नर. दुसऱ्याच्या मागे इवलंसं फळ असतं, ते मादी. नराचा पिवळा पराग मादीपर्यंत मधमाशी पोचवते. पोचला तर फळ वाढतं, नाही तर पिवळं पडून गळतं. झडीत मधमाशी पोळ्यातून बाहेरच येत नाही. अशा वेळी तिचं काम माणसाला करावं लागतं. भल्या सकाळी नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सोलायच्या आणि आतली पिवळी काडी मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायची. एवढंच. वर एखादं पान बांधायचं, म्हणजे पाऊस पराग धुवून नेत नाही.

दुसऱ्या सकाळी पाऊस जरा ओसरला होता. मी आणि वच्छला छपरावर चढलो. दोन ठिकाणी मी करून दाखवलं, बाकीची तिनं केली. पहिल्याच फुलावर तिनं काडी दाबून धरली. "जोर नाही लावायचा," मी म्हटलं, "डोळ्यांत काजळ घालतो ना, तसं."

ती म्हणाली, "कोनाच्या डोळ्यांत घालू जी?" आणि तशीच पुढच्या फुलाकडे वळली. मी तिला आणखी एक नर फूल तोडून दिलं. ते वाक्य मी आजवर विसरले नाही.

फळं धरली. लिंबाची पेरूएवढी झाली, पेरूची नारळाएवढी. गिरजाबाईनं दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक फळाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. फळाला बोट दाखवलं की ते सडतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी म्हातारीला म्हटलं, "बांधा, चांगली घट्ट बांधा. मी नजर मानत नाही, पण माशी मानते." एक माशी असते, ती कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते आणि फळ सडतं. चिंधी असली की तिला बसायला जागा मिळत नाही. म्हातारी आणि मी, आम्हा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे पहिलंच.

पोळ्याला वच्छला माहेरी गेली नाही. कोणी जा म्हटलं नाही. पितृपक्षात पितरांच्या ताटाला कोहळ्याची भाजी लागतेच, आणि त्या वर्षी गावात कोहळं होतं ते एकाच छपरावर. गिरजाबाईनं फाका कापून घरोघर पाठवल्या. त्या दिवसापासून गावात एकच बोलणं, की लटारीच्या बायकोचा हात लागला. बायका मागच्या दारानं यायला लागल्या. "आमच्या वालाले हात लाव व, वच्छला." "दोडक्याचं फूल गळून राह्यलं, येऊन जा बरं एकडाव." जिला वर्षानुवर्षं कोणी बोलावलं नव्हतं, ती आता रोज कोणाच्या तरी वाडीत असायची.

मी महिन्याची सभा घ्यायला गेले तेव्हा ती मला कुंपणाशीच भेटली. "बाई, ते नर-मादीचं तुमी सभेत सांगान का जी?"

तेच तर माझं काम होतं. सरकार मला पगार देत होतं तो गावाला शहाणं करायला. आणि मी जन्मभर ज्या खुळाशी भांडत आले, त्याच खुळानं आता या बाईला घरात ठेवलं होतं.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"यंदा तरी नोका सांगू."

त्या सभेत मी गांडूळांवर बोलले. नर-मादीचं नाव काढलं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. बुडणाऱ्याला आधी काठावर ओढावं, पोहायला मागाहून शिकवावं. पण रस्त्यानं परत येताना मला एक गोष्ट टोचत राहिली. एकीचा हात गुणाचा ठरला, की कोणीतरी एक अवगुणाची ठरणारच. तराजूचं एक पारडं आपोआप वर जात नाही.

आणि झालंही तसंच. पुढच्या उन्हाळ्यात सगुणाच्या घरी सून आली, रेखा नावाची. अठरा-एकोणीसची असेल. पावसाळ्यात तिनं लावलेली वांगी फुलावर आली आणि हिरव्या पानांसकट मान टाकून बसली. हा मातीतला रोग. त्या वाफ्यात सगुणा वर्षानुवर्षं वांगीच लावत होती, जागा बदलायची हे कोणी तिला सांगितलं नव्हतं, किंवा मी सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं. पण वाफ्याला कोण दोष देणार? सून समोर होती.

मी गेले त्या सकाळी गिरजाबाईच्या सांदवाडीत पाच-सात बायका जमल्या होत्या. पुन्हा झड होती आणि वच्छलानं येऊन आपापल्या वेलांना हात लावावा म्हणून त्या आल्या होत्या. सगुणाही होती, तिच्या मागे रेखा. गिरजाबाई आता सुनेच्या हाताची मालकीण असल्यासारखी ओट्यावर बसलेली. ती म्हणाली, "सगुना, तुह्या सुनेले वाडीत नोको जाऊ देऊ. तिचा हात धरत नाई. माही वच्छला येऊन लावून देईन सारं."

रेखानं मान खाली घातली.   मी पुढे व्हायला पाऊल उचललं, पण तेवढ्यात वच्छला बोलली.

"रेखा, इकडं ये."

ती पोरगी जागची हलेना. वच्छलानं जाऊन तिला मनगटाला धरून वेलापाशी आणलं. कुंपणावर उतरलेल्या फांदीवरचं एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि ते तिच्या हातात दिलं.

"ह्या फुलामांगं फळ आहे, पाह्यलं? ह्याच्या मधात ते पिवळं फिरव. हळू. डोळ्यांत काजळ घालतो ना, तसं."

रेखानं फिरवलं. मग वच्छला बायकांकडे वळली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, शब्द अडखळत होते. "बाईहो, माह्या हातात काई नाई. झडीत मधमाशी येत नाई, तिचं काम आपुन कराचं. मले ह्या बाईनं शिकवलं. मीनं तुमाले सांगितलं नाई."

गिरजाबाई उठून उभी राहिली. "काय बोलते व तू? आपल्याच हातानं आपलं…"

"खरं बोलून राह्यली, आत्या. एक वरीस मलेबी वाटलं, माह्या हातात काईतरी आहे. लय बरं वाटलं. पन माह्या हातात आहे तं हिच्या हातात काऊन नसंन?"

म्हातारी आत निघून गेली. मला वाटलं, वर्षभर राखलेलं या बाईनं एका फुलापायी घालवलं. बायका मात्र हलल्या नाहीत. सगुणा पुढे आली आणि म्हणाली, "मले दाखव बरं, कोनतं नर ते." मग दुसरी आली. मी बाजूला उभी होते. सभा माझी होती आणि मला तिच्यात एक शब्दही बोलायची गरज पडली नाही.

रेखानं पराग लावलेलं ते फळ धरलं. महिनाभरानं मी गेले तेव्हा त्याला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. लुगडं कोणाचं ते ओळखायला मला विचारावं लागलं नाही.

लोक विचारतात, पुढे वच्छलाला मूल झालं का? नाही झालं. ती त्याच घरात राहिली, दुसऱ्या पोरीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. लटारीनं ती निघू दिली नाही, असं मला नंतर कळलं. आईपुढे तो शेवटी एक वाक्य बोलला होता म्हणे. कोणतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आता तो राहिला नाही.

त्यानंतरच्या मिरगात मी बियाण्याची पिशवी घेऊन त्या गावी गेले. सांदवाडीत वच्छला आणि रेखा वाफे उकरत होत्या. गिरजाबाई समोर आली, तेव्हा मी सवयीनं कुंपणावरच्या पळसाचं एक पान तोडून खाली ठेवलं आणि त्यावर बी ओतायला वाकले.

"पान काऊन ठेवलं?" म्हातारी म्हणाली.

मी वर पाहिलं.

तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली होती. "इथी दे," ती म्हणाली. "हातात दे."

मी दिलं. ओंजळीत ओतताना माझे हात तिच्या हातांना लागले, आणि बी सांडू नये म्हणून तिनं बोटं मिटून घेतली.